खलातली पूड आणि यंत्रातली पूड

आक्कांचा राग औषधशाळेत सगळ्यांच्या ओळखीचा होता. सकाळी तो त्यांच्या आधी फाटकातून आत यायचा. अर्धं आयुष्य त्यांनी एकाच दगडी खलापुढे काढलं होतं. कडू पाल्याची पूड त्याच पाल्याच्या रसात घोटायची, उन्हात वाळवायची, पुन्हा रस, पुन्हा घोटणं. मालकांनी यंत्र आणलं आणि रसही गेला, ऊनही गेलं. कोरडी पूड भराभर डब्यांत पडू लागली. डब्यावरचं नाव मात्र तेच.

"हे औषध नाही, भुसा आहे!" आक्का कडाडल्या.

"पाला तोच आहे ना, आक्का?"

"मग घरी पीठही नुसतं फाका की! मळता कशाला, भाजता कशाला?"

मालक हसले. आक्कांना हसू आलं नाही, कारण त्यांचा धाकटा भाऊ हीच पूड खायचा. तो शिंपी, मधुमेह जुना. पुडीच्या जोडीला डॉक्टरांची गोळी. यंत्र आल्यापासून त्याची साखर चढत गेली, डॉक्टर गोळी वाढवत गेले आणि आक्कांचं डोकं फिरत गेलं. शेवटी त्यांनी घरीच खल मांडला, जुन्या रीतीने पूड घोटली आणि भावाच्या डब्यातला भुसा फेकून ती भरली. कुणाला बोलल्या नाहीत. बोलायचं काय? औषध तर तेच!

आठवडा उलटायच्या आत भाऊ शिलाई मशीनवरच घामाने थबथबून कोसळला. हातात गिऱ्हाइकाची अर्धी बाही.

दवाखान्यात साखरेचं सलाइन चढल्यावर त्याने डोळे उघडले.

"साखर एवढी खाली कशी गेली? काय बदललंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. तीच गोळी, तीच पूड."

"तीच कशी?" आक्का उसळल्या. "यंत्रातली नव्हे, माझ्या हातची आहे! अंगी लागते ती!"

बोलल्या आणि मग त्यांना कळलं, आपण काय करून बसलो ते.

"म्हणजे ही पूड बहुतेक जास्त शोषली गेली, आणि वर माझी वाढवलेली गोळी!" डॉक्टर भडकले. "मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

"भांडा तुम्ही," भाऊ पडल्या पडल्या पुटपुटला. "मी मधल्यामध्ये मरतो."

"गप्प पड, मेल्या!" आक्कांनी त्याचा पाय घट्ट धरला. मग डॉक्टरांकडे न बघताच म्हणाल्या, "गोळीचं तुम्ही ठरवा. तोवर माझी पूड बंद."

तिथून त्या तडक औषधशाळेत गेल्या आणि विक्रीच्या खिडकीशी उभ्या राहिल्या. एक म्हातारे डबा घेत होते.

"आजोबा, साखरेची गोळी घेता?"

"घेतो की."

"ही पूड यंत्रातली. घरी जुना डबा असेल तर तो खलातला. दोन्ही एक नव्हेत. डॉक्टरांना सांगितल्याशिवाय कुठलीच तोंडात टाकायची नाही!"

"आक्का, गिऱ्हाईक पळवता का?" मालक आतून ओरडत आले.

"जगलं तर येईल परत!" आक्का त्यांच्यावर खेकसल्या आणि रांगेतल्या मागच्या बाईंकडे वळल्या. "तुमचं काय? गोळी आहे की नाही?"