डीपी आली

कंपनीने पुण्याहून दोन भलेमोठे मॉनिटर पाठवले, तेव्हा गल्लीतल्या बायका नवी सून बघायला यावं तशा बघायला आल्या. कराडपासून अर्ध्या तासावरचं आमचं गाव, चहूबाजूंनी ऊस. मी इमारतींच्या सळ्यांची ड्रॉइंग काढते. एकेका ड्रॉइंगमध्ये शेकडो बारीक रेघा असतात, लॅपटॉपच्या इवल्या पडद्यावर त्या बघून डोळे फुटायची वेळ येते, म्हणून हे दोन फोर-के पडदे. प्रत्येक बाई जाताना तेच म्हणाली, नशीब काढलंस गं, घरात बसून नोकरी. डोंबलाचं नशीब! दोन वर्षं तेच ऐकून माझे कान किटले होते.

मी आले होते चार महिन्यांसाठी. सासूबाई गेल्या, नवरा सैन्यात, तोही लांब सरहद्दीवर, आणि घरात आबा, म्हणजे माझे सासरे, एकटे. चार महिन्यांनी मी पुण्याला परतायचं, असं बोलणं झालं होतं. कंपनी घरून काम करू देते म्हटल्यावर तो विषयच कुणी काढेना. नवऱ्याला फोनवर सांगितलं की तो म्हणायचा, आबांना एकटं कसं सोडायचं, आणि तुझं काम तर चाललंय की. चाललं होतं खरं. सकाळी नऊला कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं, संध्याकाळी सहाला उठायचं. पुण्याच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघी एकेका ड्रॉइंगवरून हमरीतुमरीवर यायचो. मला त्या भांडणांचीसुद्धा आठवण यायची.

त्यात आता हे पडदे आले. लॅपटॉपला मॉनिटर जोडायला एकच भोक, म्हणून कंपनीने डॉक नावाची डबी दिली होती. सगळ्या वायरी डबीत घालायच्या आणि डबीची वीतभर वायर लॅपटॉपला लावायची. चार्जिंगही त्याच वायरीतून होतं असं कागदावर लिहिलं होतं. होत होतं, पण पुरत नव्हतं. जड ड्रॉइंग उघडलं की वायर लावलेली असूनही आकडा उतरायचा, नव्वद, ऐंशी, सत्तर. माझंही तसंच चाललंय, असं मनात येऊन मला हसू यायचं. शेवटी लॅपटॉपचा जुना जाडजूड चार्जर वेगळा लावला, तेव्हा आकडा थांबला. पण त्याची वायर आखूड. आता लॅपटॉप उचलून सोप्यात उजेडाला बसायचीही सोय उरली नाही.

पहिला पडदा लागला, दुसरा काही लागेना. डबीला एचडीएमआयचं भोक एकच, ते पहिल्याने घेतलं. दुसऱ्याला डीपी नावाची केबल लागत होती आणि ती सामानात आलीच नव्हती. दुसरा पडदा नुसता काळा, त्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरं फिरत राहायची. आबांची सैन्यातली बावीस वर्षं सिग्नलमध्ये तारा जोडण्यात गेलेली. माझ्या घरात नो सिग्नल म्हणजे काय, म्हणून ते येता-जाता त्या पडद्याकडे रागाने बघायचे.

मी पुण्याच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, केबल कुरिअरने पाठवतो, पण महिनाअखेरपर्यंत दोन्ही पडद्यांवर काम सुरू झालं नाही तर घरून काम बंद, मग ऑफिसात येऊन बसा, आणि मॉनिटर त्यांच्याच खोक्यांत घालून परत पाठवा. इतके दिवस मला मागता येत नव्हतं ते आपण होऊन दारात आलं होतं. मी मोठ्याने म्हणाले, "बरोबर आहे सर. डीपी आली नाही तर इथलं काम बंद." आबा सोप्यात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसले होते.

फोन ठेवून मी आधी खोक्यांची चौकशी केली. आबा वर न बघता म्हणाले, खोकी बंबात घातली. मला रडूच आलं. काचेचं सामान मूळ खोकं आणि थर्माकोल असल्याशिवाय कुरिअरवाला हातात धरत नाही. आंघोळीच्या पाण्यापायी माझी परतीची वाट जाळून टाकली यांनी! त्या दिवशी मी त्यांच्याशी धड बोलले नाही. कणीक मळताना परात नुसती आपटत होते.

चार दिवसांनी केबल आली. मी पाकीटसुद्धा फोडलं नाही. कपाटात साड्यांच्या खाली सरकवून दिलं आणि साहेबांना कळवलं की अजून पोचली नाही. आयुष्यात इतकं खोटं मी कधी बोलले नव्हते. पण मी आपणहून गेले असते तर गावात सैनिकाची बायको म्हाताऱ्या सासऱ्याला टाकून गेली असं झालं असतं, आणि कंपनीनेच बोलावलं म्हटल्यावर कुणाला तोंड उघडता आलं नसतं, आबांनाही नाही. महिना संपायला बारा दिवस होते. मी ते बोटावर मोजत होते.

आबा त्याच सुमाराला रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायला लागले. कुठे जाता विचारलं तर काम हाय, एवढंच. मला वाटलं, माझ्या फुगलेल्या तोंडाला कंटाळून पारावर बसत असतील.

आठव्या दिवशी दुपारी गल्लीत ट्रक आला. मागे क्रेन, वर दोरखंडाने बांधलेली राखाडी लोखंडी पेटी. सगळी गल्ली बाहेर आली. आमच्याकडे डीपी म्हणजे एकच, खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. आमच्या गल्लीची डीपी कधीपासून मरायला टेकली होती, पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की दिवे पणतीसारखे व्हायचे. शेजारणीने मला सांगितलं, आबा आठ दिवस तालुक्याच्या लाईट ऑफिसात बाकड्यावर बसून होते. सुनेची नोकरी जाईल, डीपी द्या, एवढंच तिथल्या साहेबांना म्हणायचे. आजवर कुणापुढे हात पसरायचा नाही म्हणून पेन्शनच्या कागदाची चूकही दुरुस्त करून न घेतलेला हा माणूस. मी तिथेच दाराला धरून उभी राहिले.

वायरमन खाली उतरला, लाईट आली, आणि घरातले दिवे कधी नव्हे ते लख्ख लागले. आबा घामाघूम होऊन आत आले, थेट माझ्या कोपऱ्यात गेले आणि काळ्या पडद्यासमोर उभे राहिले. अक्षरं तशीच फिरत होती.

"आली की डीपी," ते म्हणाले. "लाव आता."

मला हसू फुटलं. अजून चार दिवस गप्प बसले असते तर मी पुण्यात असते. पण त्यांच्या शर्टाच्या पाठीवर बाकड्याच्या फळ्यांचे काळे पट्टे उमटले होते, ते बघून मला राहवेना. मी कपाटातून पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं आणि सांगितलं, आबा, माझी डीपी ही. त्यांनी चष्मा लावला, पाकिटावरची दोन अक्षरं वाचली, कुरिअरचा शिक्का वाचला.

"कवा आली?"

"आठ दिवस झाले."

ते ओरडतील असं मला वाटलं. मला तेच हवं होतं, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं. ते बराच वेळ पाकीट उलटंसुलटं करत राहिले.

"पुण्याला जायाचंय, व्हय?"

मी मिरजेची, असलं बोलणं माझ्या तोंडात कधी बसलं नाही. पण त्या वेळी त्यांचाच शब्द आला. "व्हय आबा," मी म्हणाले आणि रडायला लागले.

आबांनी पाकीट टेबलावर ठेवलं. भिंतीजवळचं स्टूल ओढून माळ्याखाली लावलं.

"खोकी बंबात घातली न्हाईत," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "वर हायेत. स्टूल धर जरा."

मी स्टूल धरलं. गोधड्यांच्या मागून त्यांनी खोकी काढली, थर्माकोलसकट, वर सुतळी बांधलेली. पहिलं खोकं पटकन खाली दिलं. दुसरं मी दोन्ही हातांनी धरलं, तरी त्यांच्याकडून लवकर सुटेना.