नणंदेच्या पासपोर्टावर कुंकू

कुंकू पुसलंच जाईना. पदरानं घासलं तं अजून पसरलं. परदेशात जायाचा जो कागद, व्हिसा म्हणतेत तो, आत चिकटवला होता, त्याच्यावरचे आकडे लाल झाले. बाहेर नणंदेची बॅग ऑटोत चढली होती, कडेवर लेकरू रडे.

वाईट मनानं नोतं केलं. आमच्याकडं दसऱ्याले विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याले हळदकुंकू लावतेत. नणंद पहिल्यांदा देशाकडून खेळाले चालली, म्हणून म्या पासपोर्ट देवापाशी ठेवला. सहावी शिकलेली मी. वाटलं, आतला कागदच तिले नेणार, तं त्यालेच लावावं. बोट ओलं होतं.

तिचा खेळ रग्बी लीग. इकडून तेरा, तिकडून तेरा बाया. चेंडू पपईसारखा लांबुळका. हातानं पुढं फेकाचाच नाही, मागच्या बाईले द्याचा, नाही तं पोटाशी धरून घुसाचं. आमच्या जैनथ गावच्या वावरात ती कापसाचं बोचकं असंच धरून बांधावरून धावे. मंग आदिलाबादले हॉस्टेलात कबड्डी, तिथल्या सरानं हा चेंडू हातात देला, मंग जिल्हा, मंग राज्य. एकदा मोबाइलवर पाह्यलं, तीन जणी तिच्या अंगावर पडल्या. म्या डोळे झाकले. उघडले तं ती उभी, दाताले माती, हसून राह्यली. हीच पोरगी माझ्या हातची भाकर खाते, हे मले खरंच वाटेना.

सासूबाई म्हणे, देवाचं कुंकू हाय, गप राह्य, सांगशीन तं पोरीचं मन खचन.

म्या पासपोर्ट मिटून तिले देला, पण ऑटो हालला तवा मी धावली. लेकरासकट आडवी झाली अन् सांगून टाकलं. तिनं पान उघडलं. लाल आकड्यावरून बोट फिरवलं.

"वैनी, तीन-तीन बाया अंगावर येतेत तवा मी नाही भेत. तू बोटभर कुंकवाले भेली?"

पण भेली होती तं तीई. तिनं तिथूनच सराले फोन लावला. सर म्हणे, आकडे वाचता नाही आले तं विमानात बसू देणार नाहीत. बरं झालं, ती आधी शिबिराले चालली होती, विमानाले अजून दिवस होते. सरानं लय धावपळ केली, तवा दुसरा कागद भेटला.

मंग तिकडून फोटो आला. अंगात देशाचा शर्ट, भुवई फुटलेली, त्याच्यावर पट्टी. मी त्या फोटोले हात लावाले भेली.

मी गप राह्यली असती तं ती विमानापासूनच परत आली असती. पण त्या घडीले हे मले कुठं ठाऊक होतं? सासू डोळे वटारून, ऑटो निघालेला, अन् कुंकू तुमच्या बोटाचं. तुमी काय केलं असतं?