टाचणी प्रश्न विचारते

कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करणाऱ्या त्या बावीस वर्षांच्या मुलीला सगळे टाचणी म्हणत. एक तर अंगाने किडकिडीत, आणि तोंड उघडलं की समोरच्याला टोचायचंच.

बाजाराच्या टोकाला बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं होतं. पांढऱ्या फरश्या, नळ, आरसासुद्धा. आणि दाराला दीड वर्ष कुलूप. बाजारात काम करणाऱ्या बायका दिवसभर पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. दुकानातली मावशी, जिने टाचणीला शिलाई शिकवली, त्यापायी आजारी पडली तेव्हा टाचणीचं डोकं फिरलं.

"राजकारणात आपण पडायचं नाही," वडील म्हणाले. देश कसा चालवायला हवा हे ते आत्याला नुकतंच तासभर समजावून सांगून बसले होते.

चौकातल्या पक्ष कार्यालयावर फलक होता : तरुणांनो, पुढे या. टाचणी पुढे गेली. युवा आघाडीचे अध्यक्ष चोपन्न वर्षांचे होते. केस काळेभोर, मिशी रंगवायची तेवढी राहून गेलेली.

"देशाचं भवितव्य तुमच्या खांद्यांवर आहे," ते म्हणाले. "आधी या खुर्च्या तेवढ्या आत घे."

तिला शिवता येतं हे कळल्यावर झेंड्यांचा गठ्ठा आला. तीन रविवार तिने झेंड्यांच्या कडा दुमडल्या, टाळ्या वाजवल्या, फोटोत मागच्या रांगेत उभी राहिली. चौथ्या रविवारी तिने स्वच्छतागृहाचा विषय काढला.

"वरपर्यंत पोचवतो," अध्यक्ष म्हणाले.

"वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे वर."

टाचणीने राहिलेले झेंडे त्यांच्या टेबलावर ठेवले आणि ती बाहेर पडली.

तक्रार कुणाकडे करायची हे विचारायला ती प्रभाग कार्यालयात गेली. तिथे बाकावर दोन तास काढावे लागले. करायला काहीच नव्हतं म्हणून तिने भिंतीवरच्या पिवळ्या पडलेल्या सूचना वाचून काढल्या. एकीत लिहिलं होतं की मासिक बैठकीत कुणीही रहिवासी लेखी प्रश्न विचारू शकतो आणि त्याला तिथेच उत्तर द्यावं लागतं.

कारकुनाने चष्मा पुसून ती सूचना दोनदा वाचली. "एकोणीस वर्षं मी हिच्याखाली बसतोय," तो म्हणाला. "कुणी कधी काही विचारलंच नाही."

पहिल्या बैठकीत तिने विचारलं, कुलूप का?

"उद्घाटन व्हायचंय," सभापती म्हणाले. "पाहुण्यांची तारीख मिळत नाही."

पुढच्या महिन्यात चपलांच्या दुकानातली आणि मोबाईल दुरुस्तीवाली अशा दोन मैत्रिणी सोबत आल्या. पाहुणे कोण? त्यांना पत्र कधी गेलं? त्यांचं उत्तर कुठाय? तिसऱ्या महिन्यात अकरा जणींचे अकरा कागद. सभापतींचा चहा निवला, बैठकीचे बाकी सगळे विषय राहून गेले, आणि आठवड्याच्या आत पाहुण्यांची तारीख मिळाली.

पाहुणे म्हणजे युवा आघाडीचे अध्यक्ष. फीत कापून त्यांनी स्वच्छतागृहाच्या दारातच 'तरुणांचा सहभाग' यावर भाषण सुरू केलं. अर्धा तास झाला. बायकांची रांग ताटकळत उभी.

"साहेब, तुमचं चालू द्या," मावशी म्हणाली, "आम्ही जाऊन येतो." आणि त्यांना जरासं बाजूला सारून आत गेली. तिच्यामागोमाग अख्खी रांग. पेपरात आलेल्या फोटोत अध्यक्ष एकटेच हसत उभे आहेत.

तरी कुलूप संध्याकाळी सहाला पुन्हा लागायचं. बाजार चालतो नऊपर्यंत. त्यावरचा प्रश्न मोबाईल दुरुस्तीवालीने स्वतःच लिहिला. टाचणीने फक्त दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. तेव्हा कार्यालयाने लोकांच्या सोयीसाठी प्रश्नाचा अर्ज छापून घेतला. तो सहा पानी आहे. दर गुरुवारी दुपारी या तिघी दुकानाच्या पायरीवर बसून तो लोकांना भरून देतात.