बोटीच्या तळातली तळहाताएवढी जागा

स्क्रीनवर काहीच नव्हतं. खोलीचा आकडा यायला हवा होता तिथे दोन आडव्या रेघा लुकलुकत होत्या. मी हौदात सोडलेल्या नव्या बोटीत मागच्या बाजूला उकिडवी बसले होते आणि काठावरचे दोघे माझ्याकडे बघत होते.

"काय गं, आलं का?" दिघेकाकांनी विचारलं.

"अजून नाही."

दिघेकाका म्हणजे मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या त्या वर्कशॉपचे मालक. फायबरच्या पाण्याच्या टाक्या आणि लहान बोटी बनवतात. बडोद्याला समुद्र नाही, पण बोटी इथे तयार होऊन टेंपोवरून नदीच्या मुखाकडे जातात. दुसरे ठाकोरभाई. बोट त्यांची. भरुचच्या खाली, जिथे नर्मदा समुद्राला मिळते, तिथे मासेमारी करतात. त्यांचा टेंपो गेटवर उभा होता. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर बोटीची पूजा होती, पाहुणे निघाले होते.

मी बोटींची इलेक्ट्रॉनिक उपकरणं विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत इन्स्टॉलेशन करते. एकटीने केलेलं हे पहिलं काम.

उपकरण होतं फिश फाइंडर. नाव थोडं फसवं आहे. मासे दिसतात, पण बरेच लोक ते तळ बघायला घेतात. यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तळावर आपटून परत आलेला आवाज ऐकतं आणि त्यावरून खोली सांगतं. आवाज सोडणारी आणि ऐकणारी चकती म्हणजे ट्रान्सड्यूसर. ती बोटीच्या बाहेरून लावली तर वाळू घासते, जाळं अडकतं. तळाला भोक पाडूनही बसवतात, पण ठाकोरभाईंनी आधीच बजावलं होतं, "काणुं नहीं पाडवानुं, बेन." नव्या बोटीला भोक नको.

राहिला तिसरा मार्ग. चकती आतून तळाला चिकटवायची. भरीव फायबरमधून आवाज आरपार जातो, हवेतून जात नाही. सोनोग्राफी करताना पोटावर जेल लावतात ते मध्ये हवा राहू नये म्हणूनच. इथे जेलच्या जागी एपॉक्सी असतं, हार्डनर कालवल्यावर कडक होणारं चिकट रसायन. ते एकदा कडक झालं की चकती तोडूनच काढावी लागते. म्हणून आधी चाचणी घ्यायची. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरायचं, चकती त्यात बुडवायची आणि पिशवी तळावर दाबून धरायची. आकडा आला तर जागा बरोबर.

जागा दिघेकाकांनीच मार्करने आखली होती. मागे, तळाच्या मधल्या कण्याला लागून. तिथला पृष्ठभाग बाकी बोटीपेक्षा गुळगुळीत होता. मॅन्युअलमध्ये सांगतात तशीच जागा. आणि आकडा येत नव्हता.

चकती बाहेर काढून सरळ हौदाच्या पाण्यात धरली. तळ लगेच दिसला. म्हणजे यंत्र ठीक होतं.

"काका, इथे फायबरच्या थरांमध्ये फोम आहे का? किंवा प्लायवूड?"

"मी काय आजपासून बोटी बनवतोय? फोम नाही, प्लाय नाही. सॉलिड आहे."

"एअर पॉकेट?"

"माझ्या बोटीत?" ते कारागिरांकडे वळले. "जुओ, बेन हवा शोधे छे!" सगळे हसले. माझे कान गरम झाले.

तेवढ्यात आमच्या कंपनीतल्या सरांचा फोन आला. हात ओले होते म्हणून स्पीकरवर घेतला. ती चूक झाली, कारण आता सगळेच ऐकत होते.

"सायली, हो गया?"

"सर, टेस्ट में रीडिंग नहीं आ रही."

"अरे, वो पानी की थैली है. एपॉक्सी में कॉन्टॅक्ट बेटर होता है. लगा दो. पार्टी को आज निकलना है."

"ऐकलंस ना?" दिघेकाका म्हणाले आणि त्यांनी डब्यात एपॉक्सी आणि हार्डनर कालवायला सुरुवातही केली. एकदा कालवलं की घड्याळ चालू होतं.

मी घरी मराठी बोलते, शाळेत इंग्रजी बोलले, बाहेर गुजराती आणि हिंदी. चारही भाषांत 'नाही' म्हणायला मला वेळ लागतो.

ठाकोरभाई आता काठावर बसले. "बेन, आज चोंटाडी दो, ने पछी आंकडो खोटो आवे, एवुं बने?"

आज चिकटवलं आणि नंतर आकडा खोटा आला, असं होऊ शकतं का? हो, होऊ शकतं. आकडा येणारच नाही, किंवा कधी येईल कधी जाईल, आणि माणूस शेवटचा दिसलेला आकडा खरा धरून पुढे जाईल. मी तसं सांगितलं.

त्यांनी मान हलवली. त्यांचे मोठे भाऊ मुखापाशी वाळूच्या उंचवट्यावर बोट चढून उलटले होते. तिथली वाळू दरवर्षी जागा बदलते. भाऊ आदल्या वर्षीच्या आठवणीवर गेले होते. बोट सापडली, ते नाही. हे सगळं ठाकोरभाईंनी हवामान सांगावं तसं सांगितलं.

मी फोनकडे तोंड केलं. "सर, आज नहीं चिपकाऊँगी."

"कस्टमर को क्या बोलोगी?"

"कस्टमर यहीं बैठे हैं, सर. सुन रहे हैं."

फोन कट झाला.

मी स्क्रूड्रायव्हर उलटा धरला आणि त्याच्या मुठीने तळ ठोकत निघाले. टक, टक, टक. भरीव फायबर असंच वाजतं. मार्करच्या गोलात शिरल्यावर आवाज बदलला. ठप. पुन्हा ठोकलं. ठप. कडेकडेने ठोकत पेन्सिलने खुणा केल्या. तळहाताएवढी जागा निघाली, बरोबर गोलाच्या आत.

"काका, इथे आत काय ठेवलंय?"

डब्यातली काडी थांबली. दिघेकाकांनी ठाकोरभाईंकडे पाहिलं.

"ते मुहूर्ताचं आहे गं. सुपारी आणि चांदीचं नाणं. लाल कापडात बांधलेलं. वरून फायबरच्या मॅटचे दोन थर मारले, घासून छान फिनिश केलं."

"तुम्ही सॉलिड म्हणालात."

"मग? देवाचं ठेवलं म्हणजे बोट पोकळ झाली का?"

ते खोटं बोलत नव्हते. मी माल विचारला होता आणि त्यांच्या हिशेबी मुहूर्ताचं हे मालात येत नव्हतं. पण पुरचुंडीत रेझिन मुरलं नव्हतं, आत हवा राहिली होती. आणि सगळ्यात गुळगुळीत जागा म्हणून चकतीसाठी त्यांनी नेमकी तीच आखली होती.

"एरवी पुढे ठेवतो आम्ही, नाकाशी," ते म्हणाले. "ह्यांनी मागे मागितलं. असू दे, ग्राइंडर मारून काढू, पाच मिनिटांचं काम."

"ना." ठाकोरभाई बोटीत उतरले. बोट डचमळली, मी कडेला धरलं. ते खाली बसले आणि त्यांनी त्या जागेवर हात ठेवला. "भाभीए मूक्युं छे."

ते मोठ्या भावाच्या बायकोने ठेवलं होतं. भाऊ बोट हाकायला मागे उभे राहत, म्हणून मागे. असल्या कामाला तिला आता कोणी बोलवत नाही. ठाकोरभाईंनी तिला मुद्दाम आणलं होतं.

कारागिराने हातातला ग्राइंडर खाली ठेवला.

"काढायचं नाही," मी म्हणाले. "मला शेजारची जागा बघू द्या."

कण्याच्या दुसऱ्या बाजूला पिशवी दाबली. आकडा आला आणि गेला. तिथे बाहेरून पट्टी होती, ती आवाज अडवत होती. थोडं पुढे सरकवली. पुन्हा रेघा. आणखी थोडं पुढे, जिथे उतार सौम्य होता. आकडा आला. मी पिशवी तशीच दाबून धरली. आकडा राहिला. ठाकोरभाईंनी बांबू टाकून हौद मोजला आणि बांबूवरची ओली खूण मला दाखवली. जुळलं.

दिघेकाकांच्या डब्यातलं एपॉक्सी तोवर तापून वाफाळत होतं. घाईचा हार्डनर होता, त्यात बुडबुडे अडकतात. ते फेकायला लावलं. सावकाश कडक होणारं मी स्वतः कालवलं. ते कडक होईपर्यंत, म्हणजे रात्रभर, बोट हलवून चालत नाही, असं ठाकोरभाईंना सांगितलं.

त्यांनी घरी फोन लावला. "काले नहीं, परम दिवसे." पलीकडे बराच आरडाओरडा झाला. पूजा एक दिवस पुढे गेली. सर आठवडाभर माझ्याशी फक्त ईमेलवर बोलले.

दुसऱ्या दिवशी आकडा पहिल्या क्षणाला आला. पावसाळ्यानंतर ठाकोरभाईंनी स्क्रीनचा फोटो पाठवला. तळाची रेघ अचानक वर चढलेली, पुढे बोट वळवल्यावर पुन्हा खाली गेलेली. खाली एवढंच लिहिलं होतं, 'भाठो आ रह्यो.' वाळूचा उंचवटा हा इथे.

आता बोट बघायला गेले की फोमबद्दल मी नंतर विचारते. आधी विचारते, मुहूर्ताचं कुठे ठेवलंय? आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. सगळे लगेच जागेवर बोट ठेवतात.