पाव चिकूचं घर

आमच्या थोरल्या साडूंकडे विश्वनिर्मितीचं काम सोपवलं असतं, तर त्यांनी आधी पृथ्वीची मोजणी करून घेतली असती, मग समुद्राकडे बघून 'केवढी जागा फुकट घालवली!' म्हणून हळहळले असते, आणि उरलेला सगळा काळ येणाऱ्या-जाणाऱ्याला आपली सरावलीची वाडी दाखवण्यात घालवला असता. जगात असा एकही देश नसेल, जिथल्या घराला आणि बागेला आमच्या साडूंनी नावं ठेवलेली नाहीत. यातल्या एकाही देशात ते गेले नव्हते, ही अडचण त्यांना कधी जाणवली नाही.

साडू हे नातं मुळात चमत्कारिक. रक्ताचं नाही, मैत्रीचं नाही. एकाच सासऱ्याने दोन वेगवेगळ्या वर्षी केलेल्या चुका, एवढंच काय ते साम्य. मी तलासरीला शाळेत मास्तर, ते चिकूच्या वाडीचे मालक. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात, आणि आमच्या संसाराकडे एखाद्या कुंडीकडे बघावं तसं बघतात. आम्ही तलासरीच्या बाजारात पहिल्या मजल्यावर छोटासा फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला दादा आले. हॉलच्या मधोमध उभे राहिले, जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि त्यातच त्यांचं सगळं घर बघून झालं. मग खुशीत म्हणाले, "छान. टुमदार आहे. अर्धा चिकू." शेजारच्या बेनना वाटलं पाहुण्यांना भूक लागली आहे. त्या बिचारीने घरून खरोखरच अर्धा चिकू कापून बशीत आणला. दादांनी तोही खाल्ला आणि फळ आमच्याकडचं नाही, हे तिथल्या तिथे सांगितलं.

तर चिकू हे दादांचं माप आहे. जुनं, ऐसपैस पसरलेलं चिकूचं झाड जेवढी जमीन आपल्या सावलीखाली धरतं, तेवढी जागा म्हणजे एक चिकू. गुंठा, एकर, चौरस फूट ही मापं माणसाला घोळात घेण्यासाठी काढलेली आहेत असं त्यांचं ठाम मत. 'चौरस फूट कुणी पाहिलाय? झाड दिसतं तरी!' पण या मापात एक मोठी लबाडी होती, आणि ती पकडायला मला बरीच वर्षं लागली. दुसऱ्याचं घर मोजताना दादा फक्त छपराखालची जागा धरत. स्वतःचं घर मोजताना मात्र पार पलीकडच्या कुंपणापर्यंतची सगळी झाडं घरात घेत. "वाडी म्हणजेच घर, मास्तर. आम्ही डहाणूवाले वेगळं मानत नाही." त्यावर आमच्या ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, आतून म्हणायच्या, "मग पाहुणे आले की त्यांना झाडावर झोपवा."

देशोदेशीची माहिती दादा गोळा करत चारोटीला. हे त्यांचं परराष्ट्र खातं. मुंबई–अहमदाबाद हायवेवरून गुजरातेत आपल्या गावी निघालेली परदेशस्थ मंडळी चारोटीला चहा-नाश्त्याला उतरतात. पांढरेशुभ्र बूट आणि हातात पाण्याची बाटली दिसली की दादा पुढे सरसावायचे. "तमारुं घर केवडुं छे, बेन?" असा सरळ मुद्द्याला हात. बाई दचकायची. इंग्लंडातल्या एका बाईंनी गुजरातीत समजावून सांगितलं, की तिकडे दोन घरांत मिळून मधली भिंत एकच असते. दादांनी वडा हातातच धरला. "म्हणजे अर्धं घर? मग भांडण झाल्यावर बाई भांडी आपटणार कुठे?" बाईंनी मागच्या बागेचंही कौतुक केलं. गुलाब आहेत म्हणाल्या. "गुलाब खातात का?" दादांनी विचारलं. बाईंचे यजमान तोपर्यंत गाडी चालू करून बसले होते. दादा मात्र मला गंभीरपणे म्हणाले, "इंग्लंड संपलं, मास्तर. घर अर्धा चिकू, बाग एक चिकू, आणि त्यात चिकू शून्य. एवढंसं होतं म्हणून तर इकडे आले होते ते."

अमेरिकेने त्यांना बराच त्रास दिला. पुतण्याने तिथे घर घेतलं, त्याचा व्हिडिओ पाठवला, आणि ते घर नुसतं छपराखालीच चांगलं तीन चिकू निघालं. दादा दोन दिवस जेवले नाहीत असं मी म्हणणार नाही, पण दुसरी वाढणी घेतली नाही हे ताईंनी मला स्वतः सांगितलं. मग त्यांना त्या व्हिडिओत हिरवळ दिसली. पुतण्या यंत्र ढकलत गवत कापत होता. "कापून काय करतोस रे?" त्यांनी फोनवर विचारलं. "टाकून देतो, काका." दादांचा चेहरा उजळला. आमच्या तालुक्यात गवत हे पीक आहे. माणसं डोंगरावर ते कापतात, भारे बांधतात, विकतात. "गवत वाढवायचं, पाणी घालायचं, कापायचं आणि फेकून द्यायचं! घरात म्हैस नाही, शेळी नाही. मास्तर, एवढी जागा देवाने दिली पण अक्कल द्यायला जागा उरली नाही." त्या दिवशी त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

आता खुद्द दादांच्या घराबद्दल. घर खरंच मोठं आहे, हे मला नाइलाजाने कबूल केलं पाहिजे. पुढे ओटा, मग माजघर, दोन्ही बाजूंना खोल्या, मागे स्वयंपाकघर, त्यामागे पडवी. दादांचा मुक्काम ओट्यावरच्या खाटेवर आणि ताईंचा स्वयंपाकघरात. एवढ्या अंतरावर हाक पोचत नाही. म्हणून ताईंनी एक जुनं स्टीलचं ताट आणि पळी खुंटीला टांगून ठेवली होती. जेवण झालं की ताट बडवायच्या. चहाला थोडं हळू, पाहुण्यांना जोरात. आशागडच्या रस्त्याने जाणारी माणसंसुद्धा 'सरावलीला चहा झाला' असं ओळखायची, असं मी एकदा म्हणालो तर दादांना ते कौतुकच वाटलं. "ताट वाजवायला लागतं एवढं घर आहे कुणाचं तलासरीत?" ते म्हणाले. ताईंना काय वाटतं, ते कुणी विचारलं नाही आणि ताईंनी सांगितलं नाही.

दादांची एकुलती एक मुलगी मनू. हुशार, बापासारखीच फटकळ, नवऱ्याबरोबर जपानला, टोकियोत नोकरी करते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आम्ही सगळे दादांच्या ओट्यावर जमलो होतो आणि मनूचा व्हिडिओ कॉल आला. पोरीने घर नवीन लावलं होतं. मोठ्या हौसेने तिने फोन फिरवून दाखवलं. हे स्वयंपाकघर, हा सरकता दरवाजा, ही आमची झोपायची जागा, ही बाल्कनी, आणि ही माझी बाग. बाग म्हणजे पुदिन्याची एक कुंडी. दादा एवढ्या पाहुण्यांत गरजले, "एवढंच? पाव चिकू! अगं मने, आपली गवताची खोली याहून मोठी आहे!" ओटा खो खो हसला. मनूही हसली, फोन सरळ केला आणि त्यानंतर तो पुन्हा कधी फिरवला नाही. पुढे तिचे फोन येत राहिले, पण मागे नुसती पांढरी भिंत. बोलणंही भिंतीसारखंच. जेवलात का, बरे आहात ना, ठेवते. दादा चारोटीला कॅनडाचं मोजमाप घेत राहिले, पण फोन ठेवल्यावर मघाचीच भिंत बघत असल्यासारखे त्या काळ्या पडद्याकडे बघत बसायचे, हे मी पाहिलेलं आहे.

मग मनूला दिवस गेले. बाळंतपणाला तिने आईला बोलावलं. ताईंनी विचारलं, "आणि पप्पा?" मनू शांतपणे म्हणाली, "पप्पांना इथे जागा नाही गं, आई. त्यांनीच मोजलंय ना?" फोन स्पीकरवर होता. उभ्या जगाला जागा कमी पडते म्हणून हिणवणाऱ्या माणसाला त्याच्याच मुलीने त्याचंच माप लावलं होतं. दादा उठून वाडीत गेले आणि जेवणाचं ताट वाजलं तरी आले नाहीत.

चार दिवसांनी, शाळेला सुट्टी होती, सकाळीच आमची बेल वाजली. दारात दादा, हातात पिशवी. "राहायला आलोय," ते म्हणाले. मला वाटलं, ताईंशी भांडण. "भांडण नाही. सराव करायचाय. लहान जागेत राहायचा." आणि मग माझ्या बायकोकडे न बघता म्हणाले, "मी मावलो, तर मनूला तेवढं कळव. तू मावशी आहेस, तुझं ऐकते ती." हा माणूस मला आयुष्यभर कुंडीत लावलेलं रोप समजत आला होता, त्याचं मला हसू आलं आणि मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

तो सराव म्हणजे आम्हा सगळ्यांचीच सत्त्वपरीक्षा होती. दादांचं सगळंच वाडीच्या मापाचं. पेपर वाचायचे तर त्याची दोन्ही टोकं भिंतींना लागायची. सकाळी गुळण्या करायला लागले की खालच्या मेडिकलवाल्याचं कुत्रं भुंकायचं. विचार करताना त्यांना फेऱ्या मारायची सवय. इथे फेरी सुरू होण्याआधीच संपायची, त्यामुळे त्यांचा एकही विचार पुरा झाला नाही. आवाजाचं तर विचारू नका. सोफ्यावर बसून त्यांनी मला "पाणी आहे का?" विचारलं की खालून मेडिकलवाला ओरडायचा, "काका, मने कीधुं?" म्हणजे, मला म्हणालात का? पण माणूस जिद्दीचा. हळूहळू कोपर आवरायला शिकले, दार ढकलण्याआधी थांबायला शिकले, माझ्या बायकोच्या मागून जाताना 'सरकतो हं' म्हणायला शिकले. एकदा गॅलरीत उभे असताना त्यांचे डोळे या टोकाकडून त्या टोकाकडे सरकताना मी पाहिले. ओठ हलले. मी वाट बघत होतो. "हवा छान येते," ते म्हणाले आणि आत जाऊन बसले. एवढं खोटं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. आमच्या गॅलरीत हवा कधीही येत नाही.

बायकोने त्यांच्यादेखतच फोन लावला. "मनू, तुझे पप्पा मावले गं."

"टेप आणली होती का त्यांनी?" मनूने विचारलं.

"नाही गं. एकदासुद्धा मोजलं नाही. तुझी शपथ."

मग मनू म्हणाली, "गुळण्या हळू करायच्या म्हणावं. इथली माणसं घाबरतात." दादांनी तिथेच, सोफ्यावर, धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि धूळ फार आहे तलासरीत, असं म्हणाले.

ताईंबरोबर जपानला जाताना त्यांनी पिशवीभर चिकू घेतले होते. फळं विमानातून तिकडे नेता येत नाहीत हे आम्ही सगळ्यांनी सांगितलं, मनूनेही सांगितलं, आणि तिथल्या विमानतळावर ती ठेवून घेतली गेली. मनूकडून नातवाच्या आधी आम्हाला पहिला फोटो मिळाला तो मोकळी पिशवी धरून उभ्या असलेल्या बापाचा. पुढचे महिने आम्हाला अधूनमधून बातम्या मिळत. नातू झाला. दादा त्याला घेऊन समोरच्या सरकारी बागेत बसतात. तिथल्या एका म्हाताऱ्याशी त्यांची दोस्ती झाली, एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला जपानी.

दोघं परत आल्यावर मी मुद्दाम सरावलीला गेलो. मनात लाडवासारखा एक प्रश्न घेऊन गेलो होतो: काय दादा, किती चिकू? ओट्यावर गेलो तर खाट नाही. आत पाहिलं. दोन्ही बाजूंच्या खोल्यांना कड्या घातलेल्या, आणि खाट माजघरात, स्वयंपाकघराच्या दाराला अगदी चिकटून. दादा त्यावर पाय वर घेऊन, अंग आवरून बसले होते. एवढ्या मोठ्या घरात ते तलासरीतल्यासारखे बसले होते.

"काय दादा, किती भरलं मनूचं घर?" मी विचारलंच.

त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाले, "मास्तर, मनू झोपेत बोलते, माहितीये तुम्हाला?"

"नाही बुवा."

"लहानपणापासून बोलते म्हणे. हिला माहीत होतं." त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. "माझ्याच घरात वाढली पोरगी. ओट्यावर झोपायचो मी, ती पार तिकडच्या खोलीत. मला कळलं ते तिथे. मध्ये तो एक सरकता दरवाजा. बाळ रडायच्या आधी कुरकुरायचं ना, तेही मला ऐकू यायचं." थोडा वेळ ते खाटेच्या दोऱ्यांवरून बोट फिरवत राहिले. "चिकूला अंतर लागतं. झाडाला झाड भिडलं की फळ धरत नाही, खरं आहे. पण माणसंही आपण तेवढ्याच अंतरावर लावली, मास्तर. फार लांब लांब लावली."

माझी खुंटीकडे सहज नजर गेली, तर ताट तिथे नव्हतं. दादांची मोजामोज काही कायमची सुटलेली नाही. परवाच चारोटीला त्यांनी कुणा दुबईवाल्याला गाठलं होतं म्हणे. पण पुन्हा त्यांनी जपानचं नाव काही काढलेलं नाही.

तेवढ्यात आतून ताईंनी, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात विचारलं, "चहा घेता ना?"

"घेतो की," दादा म्हणाले, तेवढ्याच हळू.