पाच मिनिटांत ताट रिकामं

सकाळपासून लिहायचं टाळतोय, लाज वाटत होती.

गड्यांनो, काल वडूजला मुलगी बघायला गेलो. माझे वडील फौजी, त्यामुळं आमच्या घरी पाच मिनिटांत ताट रिकामं होतं. तिथंही मटकीची उसळ तशीच न चावता गिळली, वर सोडा प्यायलो. मुलीचे वडील म्हणाले, "काय विचारायचं असंल तर विचारा." तेवढ्यात माझा गॅस सुटला, मोठ्यानं.

मुलगी आत पळाली. तिची आजी म्हणाली, "घासाबरोबर वाराबी गिळतोस रं. चावून खा, जेवल्यावर चार पावलं चाल."

स्थळ गेलंच समजून घरी आलो. वडलांना सीमेवर घाई होती, मला कसली होती? तुमी किती मिनिटांत जेवता?

थांबा, दारात तीच आजी आलीया. ओव्याची पुडी पुढं करून म्हणतीया, "नातीनं दिलीया."