गोल हलणार नाही

"मॅडम, गोल जरा पित्ताशयाजवळ घ्या," मोठे सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. "तिथे कमी येईल."

कमी येईल हे मलाही माहीत होतं. म्हणून तर मी घेणार नव्हते.

मी नगरच्या एका खासगी हॉस्पिटलात रेडिऑलॉजिस्ट आहे. मोठे सर म्हणजे हॉस्पिटलचे मालक. स्क्रीनवर होता पुणतांब्याकडच्या रूथताईंचा एमआरआय. त्यांच्या थोरल्या भावाचं, शमुवेलचं, लिव्हर निकामी झालं होतं आणि ताई आपल्या लिव्हरचा तुकडा त्याला देणार होत्या. पुण्याच्या ट्रान्सप्लांट टीमने आधी चरबी मोजून मागितली होती. दहा टक्क्यांच्या आत असेल तर पुढचं बोलू, असं त्यांचं म्हणणं.

चरबी मोजतात कशी? एमआरआयमध्ये पाण्याचा सिग्नल वेगळा काढता येतो, चरबीचा वेगळा. त्यात चरबीचा वाटा किती, ते मशीन टक्क्यांत सांगतं. आम्ही लिव्हरच्या चित्रावर जागोजागी छोटे गोल काढायचे आणि सरासरी घ्यायची. पण चरबी सगळीकडे सारखी नसते. पित्ताशयाच्या शेजारी पुष्कळदा कमी असते. सगळे गोल तिथेच काढले की नापास लिव्हरही पास. माझी सरासरी एकोणीस येत होती.

"पुण्याचे लोक पुन्हा तपासतीलच ना," सर म्हणाले. "पेशंटकडे वेळ नाही. आपण कशाला खोडा घालायचा?"

"आणि नाही तपासलं तर? उरलेल्या लिव्हरवर बाईला जगायचंय, सर. भावाच्या पोटात तुकडा चालला नाही तर दोघंही जातील."

"तुम्ही फार ताणता."

"मग दुसऱ्या कुणाची सही घ्या. माझा गोल हलणार नाही."

सर तणतणत निघून गेले. आमच्यात पद्धत अशी, की रेडिऑलॉजिस्टने रिपोर्ट लिहायचा आणि पेशंटशी बोलायचं ते पाठवणाऱ्या डॉक्टरने. पण माझं डोकं फिरलेलं होतं. मी सरळ बाहेर गेले. बाकावर रूथताई आणि शमुवेलची बायको, मार्थावहिनी, बसल्या होत्या. मी आकडा सांगून टाकला.

रूथताई उसळल्या. "माझा दादा तिकडं पिवळा पडलाय आन् तुमी मला नापास करता व्हय? मी धडधाकट हाय. औंदा बी कांदे मीच काढलेत."

"आणि आता?"

"आता वहिनी कशाला हातच लावू देत न्हाई."

मार्थावहिनी कौतुकाने पुढे सरकल्या. "ऑपरेशन म्हणल्यावर अंगात ताकद नको का, मॅडम? लिव्हर द्यायचं ठरलं तवापास्नं वन्सं आमच्याकडंच हायेत. सकाळी डिंकाचे लाडू, रातीला तूप घालून दूध. भावकीतनं रोज कुनीतरी शिरा घिऊन येतं."

मी कपाळाला हात लावला. चरबी आधीचीही असणार, पण ही भर घरच्यांची होती. आपल्याकडे माया दाखवायची एकच रीत, समोरच्याच्या ताटात वाढत राहायचं.

"वहिनी, हे सगळं आजपासून बंद."

त्यांचा चेहरा पडला. "म्हंजी आमीच घात केला का?" डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटलं, पण गोंजारत बसायला सवड नव्हती.

"लिव्हरमधली चरबी उतरते," मी म्हटलं. "पुण्याचे डॉक्टर सांगतील तेवढंच खायचं आणि चालायचं."

"तवर दादा ऱ्हाईल का?" रूथताईंनी विचारलं.

याचं उत्तर माझ्या मशीनकडे नव्हतं. "माहीत नाही. पण आज ऑपरेशन केलं तर दोघांचाही भरवसा नाही."

ताई उठल्या. "मंग बघतेच ह्या चरबीला."

रिपोर्ट एकोणीसचाच गेला. सर माझ्याशी बोलेनासे झाले. मधल्या काळात शमुवेलला पुन्हा ॲडमिट करावं लागलं, हे मात्र सर मुद्दाम येऊन सांगून गेले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माणूस गेला असता तर माझ्या खऱ्या आकड्याला कुणी विचारलं नसतं, हे मला पक्कं माहीत होतं.

रूथताई आपल्या घरी परतल्या होत्या. शिरा घेऊन येणाऱ्यांना त्या दारातूनच माघारी धाडायच्या. भावकी रुसली, रुसू दे म्हणाल्या. दोन महिन्यांनी तपासणीला परत आल्या तेव्हा ब्लाउज खांद्यावरून उतरत होता.

मी स्कॅन घेतला. सर पुन्हा मागे येऊन उभे राहिले. मी खुर्चीवरून उठले आणि माउस त्यांच्या पुढे केला.

"घ्या सर. आता तुम्हीच काढा गोल. कुठेही काढा."

त्यांनी काढले. इकडे, तिकडे, पार कडेलासुद्धा. सरासरी सहा आली. माउस बाजूला सारून ते निघून गेले.

पुण्यात ऑपरेशन झालं. दोघं बहीणभाऊ घरी आले आणि रूथताई पुन्हा वावरात जायला लागल्या. अजूनही कधी कुणी आकडा थोडा खाली घ्यायला सांगतं. मी एवढंच म्हणते, सही माझी असली तरी पोट दुसऱ्याचं आहे.